काय भावानं गेली विक्रांत?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

गेल्या हिवाळ्यात विशाखापट्टणमला जाणं झालं. तिथं माझा मामेभाऊ राहतो. आमचं आजोळ खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळचं. त्या पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर कुठं कुठं गेली, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. दादाचं दुकान तिथल्या सराफ पेठेत आहे. पोरं घरात आईशी मराठी बोलतात आणि आपसात भांडताना तेलुगू. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "चल, तुला पाणबुडी दाखवतो. वाळूवर उभी हाय."

रामकृष्ण बीचवर खरोखरच वाळूवर एक पाणबुडी उभी आहे. आयएनएस कुरसुरा. सोव्हिएत बनावटीची, डिझेल आणि बॅटऱ्यांवर चालणारी, ९१ मीटर लांब. १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात आली, १९७१ च्या युद्धात गस्तीच्या कामावर होती, फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर तिला समुद्रातून ओढून किनाऱ्यावर आणलं, सिमेंटच्या आधारावर बसवलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांसाठी खुली केली. म्हणजे निवृत्तीनंतर दीड वर्षाच्या आत.

एका बाजूनं आत शिरायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागतं. एका भागातून दुसऱ्या भागात जायला गोल भोक, त्यातून आधी पाय घालायचा की डोकं, यावर आमच्या पुढच्या कुटुंबात चर्चा झाली. झोपायच्या फळ्या टॉर्पेडोंच्या शेजारीच. पंचाहत्तर माणसं या नळीत आठवडेच्या आठवडे राहायची. माहिती सांगायला भाड्यानं आणलेला गाईड नव्हता. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. कुठला व्हॉल्व्ह कशासाठी हे ते हात लावून सांगत होते, आणि एका पोरानं त्याच व्हॉल्व्हला लोंबकळायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला शाळामास्तरसारखं दटावतही होते.

बाहेर पडताना त्यांनी सहज विचारलं, "आपके घर से कोई नेव्ही में था क्या?"

मी म्हटलं, "थोरले चुलते. विक्रांत पे थे. इकहत्तर में. बॉयलर रूम."

ते थांबले. म्हणाले, जरा इकडं या. पाणबुडीच्या शेवटाशी, जिथून पुढं नुसतं पाणी दिसतं, तिथं नेलं आणि समुद्राकडं बोट केलं. "गाझी उधर पड़ी है. आपके चाचा को ढूंढने आयी थी."

मी त्या पाण्याकडं बघत राहिलो. कारण ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती. आमच्या घरातली म्हणून माहीत नव्हती.

आता जरा आबांविषयी सांगतो.

आमचं गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठी. येरळा म्हणजे काय नदी आहे हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. वर्षातले बरेच महिने पात्रात वाळू आणि क्रिकेट. अशा गावातला पोरगा १९६४ साली नौदलात भरती झाला. पोहायला शिकला होता तो विहिरीत. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो भरती झाल्यावरच. पंधरा वर्षं नोकरी करून गावी परतला. गावात त्यांना 'बोटवाले आबा' म्हणायचे. गावच्या पाण्याच्या योजनेची मोटर बिघडली की आबांना बोलवायचे, कारण "बोट चालवलेला माणूस हाय, मोटर काय चीज".

ती बोट म्हणजे आयएनएस विक्रांत. मूळ इंग्रजांची 'हर्क्युलिस', दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली आणि युद्ध संपल्यावर अर्धवट राहिलेली. भारतानं ती १९५७ साली विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली. ४ मार्च १९६१ ला ती आपल्या नौदलात दाखल झाली आणि ३ नोव्हेंबर १९६१ ला मुंबईत आली. त्याच साली २३ जूनला साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली होती. एकाच वर्षी समुद्रावर विमानवाहू जहाज आणि डोंगराच्या पायथ्याशी सैनिक शाळा. तो काळच तसा होता.

१९७१ साली विक्रांतच्या बॉयलरला तडे गेलेले होते. पूर्ण दाबानं वाफ करता येत नव्हती. आता जहाजाचा वेग कमी असणं म्हणजे आपली एसटी उशिरा पोचण्यासारखं नव्हे. जहाज वाऱ्याच्या उलट दिशेनं वेगानं पळालं तर डेकवर पुरेसा वारा मिळतो आणि मग विमान उडतं. वेग नाही तर विमान नाही, विमान नाही तर विमानवाहू जहाज म्हणजे मोठं थोरलं निशाण. तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठवायचं ठरलं. पाकिस्ताननं गाझी ही पाणबुडी नोव्हेंबरात कराचीहून तिच्याच मागावर सोडली. आपल्या नौदलानं विक्रांत अंदमानच्या बाजूला लपवली आणि ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा भास होईल असे बिनतारी संदेश 'राजपूत' या जुन्या विनाशिकेवरून सोडत राहिले. ३ आणि ४ डिसेंबरच्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या समोर बुडाली, आत नव्वदहून अधिक माणसं होती. राजपूतच्या माऱ्यानं बुडाली असं आपण म्हणतो, आतल्या स्फोटानं बुडाली असं पाकिस्तान म्हणतं. ४ तारखेला विक्रांतवरून सी हॉक विमानं उडाली आणि कॉक्स बझार, चितगावच्या बंदरांवर, विमानतळांवर हल्ले झाले.

हे सगळं चालू असताना त्या बॉयलरपाशी जी माणसं घाम गाळत होती त्यांत येरळेकाठचा एक पोरगा होता. त्यानं आम्हाला यातलं काय सांगितलं? एवढंच, की "लय उकडायचं".

आम्हीही कधी विचारलं नाही.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. पुढची काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून होती. नौदल सप्ताहात लोकांना बघायला मिळायची. वीसेक वर्षांपूर्वी डिसेंबरात मी आबांना घेऊन गेलो होतो. पांढरा सदरा, टोपी, पायात नवे बूट. लोक वर डेकवर विमानांशेजारी फोटो काढत होते. आबांना त्यात काही रस नव्हता. त्यांना खाली जायचं होतं, बॉयलरपाशी. खालचा भाग बंद होता. तिथल्या जवानानं आदरानं, पण ठामपणे नाही सांगितलं. आबा म्हणाले, बरोबर हाय त्याचं. मग एका लोखंडी भिंतीला तळहात लावून थोडा वेळ उभे राहिले. मला म्हणाले, "गार पडलीय." मला वाटलं हवेबद्दल बोलतायत.

२०१२ साली ते संग्रहालय धोकादायक झालं म्हणून बंद केलं. जहाज खालून झिजलं होतं. २०१४ च्या सुरुवातीला लिलावात साठ कोटींच्या आसपास विकलं गेलं. ते वाचवण्यासाठी लोक न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, उपयोग झाला नाही. मुंबईच्या दारूखान्यात त्याच नोव्हेंबरात तोडायला सुरुवात झाली. पेपरात बातमी आली तेव्हा मी घाबरतच आबांना वाचून दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "काय भावानं गेली?"

मी आकडा सांगितला. म्हणाले, "भंगाराचा भाव हाय मग."

दोन वर्षांनी विक्रांतचं पोलाद पेट्रोलच्या टाकीत वापरलेली मोटरसायकल बाजारात आली. गावातल्या एका पोरानं घेतली आणि मुद्दाम आबांना दाखवायला आणली. आबांनी टाकीवर बोटानं टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "हिचा बॉयलर बरा हाय का?" सगळे हसले. आबा नव्हते हसले. २०१८ ला ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, आंध्रवाल्यांना जमलं ते महाराष्ट्राला का जमलं नाही? मीही त्या वाळूवर उभा राहून पहिल्यांदा हेच म्हणालो. पण जरा न्यायानं बोलूया. कुरसुरा ही दोनेक हजार टनांची पाणबुडी, ती ओढून कोरड्यावर ठेवता येते. विक्रांत त्याच्या नऊ-दहा पट मोठी, दोनशे मीटरहून लांब. ती पाण्यातच ठेवावी लागते आणि खारं पाणी लोखंड खातं. दर काही वर्षांनी गोदीत घेऊन तळ खरवडायचा, पत्रे बदलायचे, रंग द्यायचा. यात कुणाचंही उद्घाटन होत नाही, पाटी लागत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोच्या धक्क्याला मिडवे हे विक्रांतपेक्षा कितीतरी मोठं विमानवाहू जहाज २००४ पासून संग्रहालय म्हणून उभं आहे. ते चालतं कारण तिकीट, देणग्या, सेवाभावी माणसं आणि दुरुस्ती यांचा हिशेब आधी बसवला आणि मग जहाज आणलं.

आपण उलटं करतो. 'विराट'चं उदाहरण घ्या. ती मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. आंध्रनंही तिच्यात रस दाखवला होता, त्यांनाही जमलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला मंजुरी दिली. आकडा ८५२ कोटींचा. पेपरात मोठे मथळे आले. सप्टेंबर २०२० मध्ये तीच विराट गुजरातच्या अलंगला तोडायला गेली. विकली गेली ती अडतीस-एकोणचाळीस कोटींना. ८५२ कोटींच्या घोषणेत रंगकामाचा खर्च वर्षाला किती आणि तो कोण देणार, हा प्रश्न कोणी विचारला होता का? मी तरी नव्हता विचारला. मी ती बातमी लाइक केली होती.

आता कुणी म्हणेल, तुम्ही सातारा-सांगलीची माणसं, तुमचा समुद्राशी संबंध काय? कोकणवाल्यांनी बोलावं.

संबंध आहे. आणि चांगला जुना आहे.

१७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. तेव्हा किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाला होते. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कान्होजींनी कैद केलं. मग १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ गेले आणि तलवारीऐवजी बोलणी करून कान्होजींना सातारच्या गादीशी जोडून आले. कान्होजींना सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले मिळाले. म्हणजे अजिंक्यताऱ्यावरून समुद्र दिसत नसला तरी पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात दरारा असलेलं आरमार साताऱ्याच्या नावानं चालत होतं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, हात हलवत परत गेले.

शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेले. त्यानंतर सात वर्षांच्या आत, फेब्रुवारी १७५६ मध्ये, नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांना वठणीवर आणण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरंच. पण ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळालं. लूट इंग्रजांनी घेतली. विजयदुर्ग मिळवायला पेशव्यांना बाणकोट इंग्रजांना द्यावं लागलं. पुढं धुळपांनी विजयदुर्गावरून पुन्हा आरमार उभं केलं, १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाजही पकडलं. पण आंग्र्यांच्या वेळचा तो धाक परत आला नाही.

घरातला वाद मिटवायला आपलंच आरमार दुसऱ्याकडून जाळून घेतलं, याची किंमत तेव्हा कुणी लावली असेल असं वाटत नाही. आबा असते तर त्यांनी तिथंही विचारलं असतं, काय भावानं गेलं?

आणि समुद्रानं सातारकरांना पुढंही सोडलं नाही. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी पदच्युत केलं, तेव्हा त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते जहाजानं लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथं झगडत राहिले. ते तिकडं असतानाच, १८४८ मध्ये, सातारचं राज्य खालसा झालं. त्याआधी साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं जी वाघनखं नेली तीही समुद्रावरूनच गेली. ती लंडनच्या संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली, तेव्हा मीही पोराबाळांना घेऊन रांगेत होतो. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना एक विचार डोक्यातून जाईना. ही वस्तू इतकी वर्षं टिकली कारण कुणीतरी ती पुसत होतं, नोंदी ठेवत होतं, काचेआड हवा कशी हवी ते बघत होतं. त्यांनी ती कशी मिळवली हा वेगळा प्रश्न. टिकवली, हे मात्र खरं.

आपण आपल्याच वस्तूंना तेवढं करतो का?

२०२२ मध्ये नवी विक्रांत आली, कोचीला बांधलेली, आपलीच. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेलं चिन्ह आलं. अभिमान वाटलाच. जुन्या विक्रांतच्या धातूचं एक स्मारक मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ आहे, मुंबईला गेलात तर बघा. आणि 'गुलदार' ही निवृत्त नौका सिंधुदुर्गात राज्याच्या ताब्यात आली आहे, तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. चांगली गोष्ट आहे. यावेळी मी नुसतं लाइक करणार नाही. आपल्या आमदार-खासदारांना विचारणार आहे की पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी देखभालीचा पैसा कुठल्या खात्यातून येणार. तुम्हीही विचारा. प्रश्न विचारायला समुद्रकाठी राहावं लागत नाही.

दुसरं काम आपल्या हातातलं आहे. माण-खटाव, खानापूर-आटपाडी, कराड-पाटण, वाळवा-शिराळा, या पट्ट्यात असं गाव शोधावं लागेल जिथं निवृत्त फौजी नाही. भूदलातल्यांची नावं तरी कमानीवर असतात. नौदलातले लोक कमी, म्हणून ते नुसते 'बोटवाले' होऊन राहतात. १९७१ ला वीस-पंचवीसचे असलेले आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. फोन सगळ्यांकडं आहे. शेजारी बसा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा. "लय उकडायचं" एवढंच म्हणाले तर तिथं थांबू नका. मी थांबलो होतो.

विशाखापट्टणमहून आल्यावर मी आबांची पत्र्याची ट्रंक उघडली. नोकरीचं पुस्तक वाळवीनं अर्धं खाल्लेलं निघालं. टोपीची काळी फीत तेवढी धड होती, सोनेरी अक्षरं पुसट झालीत पण वाचता येतात. मुख्याध्यापकांशी बोलून गावच्या शाळेत काचेच्या एका कपाटात ती ठेवली आहे, सोबत एका पानावर आबांची माहिती, जेवढी आम्हाला माहीत आहे तेवढी. फार नाही भरली. कपाटाची एक किल्ली शाळेत, एक माझ्याकडं. दर सहा महिन्यांनी उघडायचं, वाळवी बघायची, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, असं ठरवलंय. पहिली तारीख येत्या दिवाळीच्या सुट्टीत आहे. फोनमध्ये गजर लावून ठेवलाय.

तुमच्या गावात, भावकीत कुणी नौदलात होतं का? कुठल्या जहाजावर, कुठल्या साली, काय काम करायचे? त्यांची किंवा घरच्यांची हरकत नसेल तर खाली लिहा. ती माणसं हयात असतील तर आधी त्यांना भेटून या, मग लिहा.